जुन्या फियाटचा मागचा ॲक्सल आणि पाटे बदलताना

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात ताडपत्री पांघरून उभी असलेली फियाट किंवा ॲम्बेसेडर अजूनही अधूनमधून दृष्टीस पडते. घरात आलेली पहिली मोटार म्हणून तिच्याविषयी आपुलकी असते आणि एखाद्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे ठरते. मग इंजिन उघडले जाते, रंग दिला जातो, गाद्या नव्या होतात. गाडीचा मागचा भार ज्यावर तोललेला असतो, त्या ॲक्सलकडे आणि पाट्यांकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते. वास्तविक या गाडीतून घरची माणसे दिवे घाटातून किंवा बोरघाटातून न्यायची असतील, तर कामाचा प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा.

वालचंद हिराचंद यांचा वारसा

पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातील गोलसर बांध्याच्या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. १९६४ मध्ये ११०० डिलाइट हे मॉडेल आले. तीच गाडी १९७२ पासून प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे पर्वही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती.

या दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूची रचना सारखीच आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल, त्याच्या मध्यभागी डिफरन्शियल आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे पाटे. बैलगाडीच्या आसासारखीच ही साधी कल्पना. फरक इतकाच, की हा ॲक्सल चाकांना गतीही देतो.

पाटा केवळ गादी नव्हे

पाटा म्हणजे धक्के शोषणारी स्प्रिंग, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. या रचनेत पाटा तीन कामे एकाच वेळी करतो. तो गाडीचा भार पेलतो, ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो आणि गाडीला पुढे ढकलणारा जोर तसेच ब्रेक लावताना बसणारा पीळही सोसतो. गुंडाळीची स्प्रिंग असलेल्या गाडीत ॲक्सल धरण्यासाठी वेगळे दांडे असतात. येथे तसे काही नाही. त्यामुळे मुख्य पाटा तुटला, तर गाडी नुसती खाली बसत नाही. ॲक्सल तिरका होऊन मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. उतारावर ब्रेक लावताना असे घडले, तर गाडी सावरणे कठीण होते.

दुखणे ओळखावे कसे?

सपाट जागेवर गाडी उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. त्यात ठळक फरक असेल, तर एका बाजूचा पाटा बसला आहे असे समजावे. तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ किंवा टोकाच्या गुंडाळीपाशी जातो. पट्ट्यांमध्ये गंज साठला की त्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि गाडी आदळू लागते.

ॲक्सलची लक्षणे निराळी असतात. वेग वाढवताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून घरघर येणे, क्लच सोडताना 'टक्' असा आवाज होणे, ही डिफरन्शियलमधील क्राउन व्हील आणि पिनियन झिजल्याची चिन्हे आहेत. टक् आवाज प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचाही असू शकतो. ऑइल सील गळत असेल, तर ॲक्सलमधले तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, लायनर भिजतात आणि ब्रेक एका बाजूला कमी लागतो. अनेकदा दोष सीलचा नसतोच. हाउसिंगवरील हवेचे छोटे भोक मातीने बुजल्यामुळे आत दाब वाढून तेल बाहेर येते.

मात्र या साऱ्याच्या आधी पत्रा तपासणे आवश्यक आहे. फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी स्वतंत्र चॅसिस नाही. पाट्यांची टोके थेट बॉडीच्या तळाशी जोडलेली असतात. पुण्याचे कित्येक पावसाळे अंगावर घेतलेल्या गाडीत नेमका तोच भाग आतून कुजलेला असू शकतो. कुजलेल्या पत्र्याला नवा पाटा लावणे म्हणजे पैसे तर वाया, शिवाय धोकाही कायम.

सुटे भाग: मूळचे की दुसऱ्या गाडीचे?

नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार ही पुणेकरांची शोधाची ठिकाणे. जुना ॲक्सल घेताना मूळ मॉडेलचाच घेणे सर्वांत सोयीचे. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल बसवायचा झाल्यास चाकांमधील अंतर, पाटे टेकण्याच्या बैठकांची जागा, चाकाच्या बोल्टांची मांडणी, ब्रेकचा आकार, हँडब्रेकच्या केबलची जोडणी आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी या सर्व बाबी जुळाव्या लागतात.

याखेरीज गिअरचे गुणोत्तर पाहावे लागते. पिनियनला १० आणि क्राउन व्हीलला ४३ दात असतील, तर गुणोत्तर ४.३ होते. त्याजागी ३.९ चा ॲक्सल बसवल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होतात. द्रुतगती मार्गावर ते सुखावह वाटते, पण घाटात भरलेली गाडी लवकर दम टाकते. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असल्याने काटाही चुकीचा वेग दाखवतो. प्रत्यक्ष वेग ताशी ८० किलोमीटर असताना काटा ७३ च्या आसपास राहतो. क्राउन व्हील आणि पिनियन मात्र नेहमी जोडीनेच बदलावेत. एकाला नवे आणि दुसऱ्याला जुने ठेवले, तर आवाज आणि झीज दोन्ही वाढतात.

पाट्यांचाही नियम तोच. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. बसलेल्या पाट्याला भट्टीत तापवून पुन्हा कमान देण्याची पद्धत आहे. परंतु त्यानंतर पोलादाला योग्य पाणी दिले नाही, तर तो पाटा लवकरच पुन्हा बसतो किंवा तुटतो.

कामाचा क्रम

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घेऊन पुढच्या चाकांना अटकाव लावावा. ॲक्सलच निघणार असल्याने घोड्या त्याच्याखाली न लावता बॉडीच्या मजबूत भागाखाली लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. ॲक्सलला खालून स्वतंत्र आधार द्यावा. नंतर प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि शॉक ॲब्सॉर्बर सोडवावेत. यू-बोल्ट सैल करताना पाट्यात ताण उरलेला नाही याची खात्री करावी. ताणलेला पाटा उसळून गंभीर इजा होऊ शकते.

जोडणी करताना यू-बोल्ट आणि बुश नवे वापरावेत. पाट्याचा मधला बोल्ट ॲक्सलच्या बैठकीतील भोकात नीट बसला पाहिजे. तो बसला नाही, तर ॲक्सल तिरका राहतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच ते आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. पिनियनचा कोन चुकल्यास वेगात गाडी थरथरते.

ब्रेकमधील हवा काढून आणि डिफरन्शियलमध्ये नवे तेल भरून झाल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. पद्मिनीचे हे अंतर २३४० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंची मापे सारखी आली, तर ॲक्सल सरळ बसला असे मानता येते. सुमारे ५०० किलोमीटर धावल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे थोडे बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती होय. परक्या गाडीचा ॲक्सल बसवण्यापूर्वी मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक दहा वर्षांसाठी मिळू शकतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरासाठी नाही. १९७४ च्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. परका ॲक्सल बसवण्यासाठी बॉडीचा तळ कापून नव्या बैठका जोडल्या, तर हाच लाभ हातचा जाण्याची शक्यता असते.

म्हणूनच काढलेले जुने भाग भंगारात देण्याची घाई करू नये. हाउसिंग, पाटे, अगदी जुना क्राउन व्हीलही चिठ्ठी बांधून, तेल लावून ठेवावा. या गाड्यांचे कारखाने आता त्या तयार करीत नाहीत. आज निरुपयोगी वाटलेला भागच उद्या त्या गाडीला, किंवा दुसऱ्या कोणाच्या गाडीला, पुन्हा रस्त्यावर आणू शकतो.