टाचेतील धनुष्य

धावण्याचे सारे श्रम मांसपेशींचे, आणि कंडरा म्हणजे पेशींना हाडांशी बांधणारे निव्वळ दोर, ही समजूत फार काळ टिकली. वास्तविक तिला धक्का देणारी सामग्री सतराव्या शतकातच सिद्ध होती. इंग्लंडात रॉबर्ट हूकने आपला स्थितिस्थापकतेचा नियम १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला व १६७८ साली उलगडून सांगितला: स्प्रिंग जितकी ताणावी, तितक्याच प्रमाणात तिची ओढ वाढते. तिकडे इटलीत बोरेलीने प्राण्यांच्या हालचालींस तरफेचे गणित लावले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये, बाहेर पडला. ह्या दोन विचारांचा पुरता मेळ बसण्यास मात्र जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली.

आणि तो बसला एका न जुळणाऱ्या हिशेबापायी. १९६४ साली काव्हान्या, सायबेने व मार्गारिया ह्या इटालियन संशोधकांनी धावणाऱ्या मनुष्याचे काम व त्याने खर्चिलेली शक्ती ताडून पाहिली. मांसपेशी खर्चापैकी फार तर चौथा हिस्सा कामी लावते. येथे तर ४० ते ५० टक्के भरू लागले! ही जादा जमा आली कोठून? पाऊल टेकताना ताणल्या गेलेल्या भागांत शक्ती साठते व उडी घेताना ती परत मिळते, हेच त्याचे उत्तर होय. १९७३ साली डॉसन व टेलर ह्यांनी फिरत्या पट्ट्यावर कांगारू उड्या मारीत चालविले, तेव्हा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटरपर्यंत वाढूनही प्राणवायूचा खर्च वाढेना.

कंडरा हूकच्या नियमाची तंतोतंत ताबेदार नाही. आरंभी ती सैल असते, मग ताठरते. तथापि साठविलेल्या शक्तीपैकी सुमारे ९३ टक्के ती परत करते, एवढी प्रामाणिक तिजोरी विरळाच. १९८७ साली अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापलेली पावले यंत्रात दाबून मोजमाप केले. सत्तर किलोचा मनुष्य सेकंदास साडेचार मीटर वेगाने धावत असता दर पावलास सुमारे १०० ज्यूल शक्तीची उलाढाल होते. त्यांपैकी ३५ ज्यूल टाचेमागची कंडरा सांभाळते व १७ ज्यूल तळपायाची कमान. उंटाच्या मागच्या पायात तर ह्याहून नवल आढळते: तेथील एका पेशीचे मांसतंतू जवळजवळ नाहीसेच झाले असून मांडीच्या हाडापासून बोटांपर्यंत उरली आहे ती केवळ कंडरा.