निळ्या गणवेशातल्या मुली

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा अट एकच होती : "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी माहितीचं लिही." म्हणून हा विषय निवडला. राष्ट्रीय छात्र सेनेने, म्हणजे आपल्या एनसीसीने, मुलींना विमानाजवळ कसं नेलं, याची ही गोष्ट आहे. १९९५च्या दहावीच्या आपल्या तुकडीचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. या इतिहासातला एक मोठा दरवाजा उघडला तेव्हा आपण शाळेतच होतो. शेवटी एक प्रस्तावही मांडणार आहे, तेव्हा लेख मधेच सोडू नका!

आपल्या शाळेतली एनसीसी सर्वांना आठवत असेल. शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर खाकी गणवेशातली मुलं, "सावधान, विश्राम" आणि परेडनंतर मिळणारं रिफ्रेशमेंट. मुलींसाठी मात्र गाईड आणि आर.एस.पी. मंजूर पथक मुलांचं होतं. मुलींचं पथक हवं तर वेगळी मंजुरी हवी, प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका हवी. तेवढी खटपट त्या काळी कुणी केली नाही. आम्ही काही जणी व्हरांड्यात उभ्या राहून परेड बघायचो. एनसीसीत मुलींना जागाच नसते, असाच माझा समज होता. अभियांत्रिकीला गेल्यावर कळलं, की आपण जन्मायच्या तीस वर्षं आधीपासून मुली एनसीसीत होत्या.

सुरुवात कशी झाली?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी संघटना कशी असावी, हे तिने ठरवायचं होतं. तिच्या शिफारशीवरून १९४८ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये एनसीसी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभाग निघाला. १ एप्रिल १९५० रोजी हवाई विभाग म्हणजे एअर विंग सुरू झाली. पहिल्या दोन स्क्वाड्रनपैकी एक मुंबईत आणि दुसरी कोलकात्यात होती. म्हणजे ही गोष्ट सुरू होते तीच मुळी आपल्या राज्यातून.

एनसीसी मुळात ऐच्छिक. १९६२च्या चीन युद्धानंतर ती कॉलेजातल्या मुलांना सक्तीची झाली, पण १९६८ साली सक्ती गेली. आपल्या सरांपैकी काही जण त्या सक्तीच्या वर्षांतले कॅडेट असतील. मला यातला ऐच्छिक हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पहाटे उठून गणवेशाला कडक इस्त्री आणि बुटांना पॉलिश करून परेडला जाणारी मुलगी स्वतःच्या मर्जीने जाते. घरच्यांना पटवावं लागतं तेही तिलाच.

एअर विंगचं मोल कळण्यासाठी त्याआधी काय होतं ते पाहायला हवं. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी एकवीस वर्षांच्या असताना, साडी नेसून, जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं. त्यांचे पती वैमानिक होते. त्या काळी फ्लाइंग क्लबचं शिक्षण परवडणाऱ्या किंवा विमानाशी आधीच नातं असलेल्या घरांतच हे शक्य होतं. १९५१ साली प्रेम माथुर यांना डेक्कन एअरवेजने वैमानिक म्हणून घेतलं, त्याआधी अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. सामान्य घरातल्या मुलीला विमान दिसायचं ते आकाशात, मान वर करून. एनसीसीने त्यात मोठा फरक केला. फीचा प्रश्न राहिला नाही आणि घरी कुणी वैमानिक असण्याची गरजही उरली नाही. कॅडेट असणं पुरेसं झालं.

तिथे शिकवतात काय?

एअर विंग म्हणजे निळसर गणवेश आणि कवायत एवढंच लोकांना माहीत असतं. खरी मजा एरोमॉडेलिंगमध्ये आहे. पहिल्यांदा बाल्सा लाकडाचं हातानं फेकायचं ग्लायडर करायला देतात. बाल्सा इतकं हलकं, की हातात काही धरलंय असं वाटत नाही. पंख, शेपूट, दांडा घासून चिकटवायचा आणि फेकायचं. ते नाक वर करतं, क्षणभर थबकतं आणि धप्पकन पडतं. मग नाकाला प्लास्टिसिनची छोटी गोळी लावायची. गोळी जास्त झाली की ते सरळ जमिनीत घुसतं. मधला बिंदू सापडला की मैदानाच्या टोकापर्यंत तरंगत जातं. गुरुत्वमध्य म्हणजे काय आणि पंखाचा कोन फार वाढला की उचल का नाहीशी होते, हे मी अशा पडझडीतून शिकले. पुस्तकातली आकृती त्यानंतर समजली.

पुढची पायरी कंट्रोल लाइन मॉडेल. त्याला छोटं इंजिन असतं आणि दोन बारीक तारांनी ते आपल्या हातातल्या मुठीशी जोडलेलं असतं. ते आपल्याभोवती गोल फिरतं आणि आपणही त्याच्याबरोबर फिरायचं. मूठ तिरकी केली की शेपटीची पट्टी हलते आणि विमान वर किंवा खाली जातं. पहिल्या चार फेऱ्यांत चक्कर येते, त्यानंतर पोटातलं सगळं स्थिरावतं. मग रेडिओवर चालणारी मॉडेल्स येतात.

आणि त्यानंतर खरं उड्डाण. पूर्वी त्यासाठी ग्लायडर वापरत. आपल्या देशातच आराखडा झालेलं 'रोहिणी' हे लाकडी ग्लायडर १९६१ साली पहिल्यांदा उडालं. त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. ग्लायडरला इंजिन नसतं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं विंच लांब तार गुंडाळतं, ग्लायडर पतंगासारखं वर चढतं आणि उंचीवर तार सुटते. पुण्याला हडपसरचं ग्लायडिंग केंद्र अनेकांनी बाहेरून पाहिलं असेल. नंतरच्या काळात ग्लायडरची जागा मायक्रोलाइट या छोट्या दोन आसनी विमानांनी घेतली. २०१५ साली स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून हवाई दल, नौदल आणि एनसीसी यांच्यासाठी मिळून १९४ हलकी विमानं मागवली गेली. त्यात सर्वांत मोठा वाटा एनसीसीचा होता, ११० विमानं.

रस्ता कुठे संपत होता?

आमच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मी एअर विंगसाठी नाव दिलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की सत्तरच्या दशकात त्या स्वतः कॅडेट होत्या आणि ग्लायडरमध्ये बसल्या होत्या. मी विचारलं, "मग पुढे?" त्या म्हणाल्या, "पुढे काय, बी.एस्सी. पुढे नव्हतंच काही."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. एअर विंगमधला मुलगा 'सी' प्रमाणपत्र घेऊन हवाई दलाच्या वैमानिकपदाकडे जाऊ शकत होता. त्याच परेडला उभी असलेली, तेच प्रमाणपत्र मिळवलेली मुलगी तिथे अर्जच करू शकत नव्हती. हवाई दलात स्त्रिया नव्हत्या असं नाही. डॉ. विजयालक्ष्मी रमणन १९५५ सालीच तिथे अधिकारी झाल्या, पण वैद्यकीय शाखेत. कॉकपिटची जागा बंद होती. नागरी विमानसेवेत मात्र बायका जिद्दीने वाट काढत होत्या. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता ते सिलचर हे सर्व महिला कर्मचाऱ्यांचं उड्डाण केलं. देशमुख हे आडनाव वर्तमानपत्रात वाचून महाराष्ट्रातल्या किती घरांत मुलींकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं असेल! पण तिथवर पोचायला परवाना लागतो आणि परवान्याला पैसे.

हवाई दलाने स्त्रियांना वैमानिक म्हणून घ्यायचं ठरवलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. १९९३ साली पहिल्या सात मुली प्रशिक्षणाला दाखल झाल्या. २ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांतल्या हरिता कौर देओल यांनी ॲव्हरो विमान एकटीने उडवलं. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि आपण दहावीत. गणपतीला आठवडा उरला होता. ती बातमी आपल्या शाळेच्या फळ्यावर लिहिलेली मला आठवते. खाली 'सुविचार' होता, तो मात्र आठवत नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, हरिता यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. मी तेव्हा कॉलेजात कॅडेट होते. परेडच्या आधी आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. त्या दिवशी एकही मुलगी पथक सोडून गेली नाही.

त्यानंतरचा वेग तुम्ही पाहिला आहेच. १९९९ साली कारगिलमध्ये गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. राफेल उडवणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक शिवांगी सिंग या बनारस हिंदू विद्यापीठात शिकताना एनसीसीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये कॅडेट होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसता आलं आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी हवाई दलात जी दहा टक्के जागांची खास प्रवेशयोजना आहे, ती आज मुलींनाही खुली आहे. भारतात विमान कंपन्यांच्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण बारा टक्क्यांहून जास्त आहे. अमेरिकेत ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे. याची कारणं सांगताना जाणकार कुटुंबाच्या आधाराबरोबर एनसीसीच्या एअर विंगचंही नाव घेतात.

मला या सगळ्यात क्रम लक्षात घेण्यासारखा वाटतो. आधी नोकरीची परवानगी मिळाली आणि मग मुली शिकल्या, असं झालं नाही. आमच्या मॅडमसारख्या कॅडेट रस्ता नसताना शिकून बसल्या होत्या. मुलींना जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांपुढे तार सोडून ग्लायडर उतरवलेल्या मुलींची उदाहरणं होती. त्यांना स्वतःला त्याचं काही मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे आणि ते विसरू नये.

बहुतेक कॅडेट वैमानिक होत नाहीत. मीही झाले नाही, सॉफ्टवेअरमध्ये आले. पण उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून, प्रत्येक भागाला हात लावून, यादीप्रमाणे तपासायची सवय तिथली आहे. काल ठीक होतं म्हणून आज तपासायचं नाही, हे तिथे चालत नसे. आजही नवी आवृत्ती ग्राहकाकडे पाठवण्याआधी मी कागदावरची यादी वाचते. टीममधली तरुण मुलं हसतात आणि मग त्यांनाच एखादी चूक सापडते.

आता प्रस्ताव

आपल्या तुकडीच्या निधीतून काय करायचं, यावर ग्रुपवर प्रवेशद्वारापासून रंगमंचापर्यंत सूचना आल्या आहेत. माझी सूचना अशी, की शाळेत मुलींसाठी एनसीसीचं एअर विंगचं पथक मागावं. शाळेने अर्ज करायचा असतो, एका शिक्षिकेने प्रशिक्षणाला जायची तयारी दाखवावी लागते आणि मंजुरीला वेळ लागतो. जागा मर्यादित असतात, शिवाय जवळ एअर स्क्वाड्रन लागते. त्यामुळे नकारही येऊ शकतो. पण एरोमॉडेलिंगचं टेबल मांडायला कुणाची मंजुरी लागत नाही. बाल्साच्या पट्ट्या, पॉलिश पेपर, गोंद, प्लास्टिसिन आणि महिन्यातून दोन शनिवार, एवढं पुरतं. आपल्यात अभियंते आहेत, एक जण निवृत्त हवाई सैनिक आहे आणि शिकवायला तर आपल्या बाई अजूनही तयार होतील. मुलंही येऊ देत, पण निम्म्या जागा मुलींच्या.

ज्यांना यात हात घालायचा आहे त्यांनी संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत यावं. बाल्सा मी आणते. मैदान आहेच.