सद्र घराणं: आडनाव कुठवर चालतं?

आजचा भाग एका आडनावाचा आहे. नावं सारखी सारखी येतील, एकच नाव आजोबालाही असेल आणि नातवालाही, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

आधी एक ओळखीचा शब्द घेऊ. वाड्याची सदर आपल्याला माहीत आहे, जिथे बसून कारभार चालायचा. सरकारी कागदावर 'सदर अर्जदार' असतो, गावोगावी सदर बाजार असतो. हा शब्द अरबी 'सद्र'वरून आपल्याकडे आला. मूळ अर्थ छाती, त्यावरून पुढचा भाग, त्यावरून मानाची जागा. इराक, इराण आणि लेबनॉन या तीन देशांत पसरलेल्या एका शिया धर्मगुरूंच्या घराण्याचं आडनाव हेच आहे. बगदादमधल्या 'सद्र सिटी'चं नाव बातम्यांत ऐकलं असेल, ते यांच्यावरून.

आता गंमत बघा. शिया परंपरेत धर्मगुरूचा अधिकार वारशाने मिळत नाही, निदान नियम तरी तसा आहे. नजफ किंवा कोमच्या मदरशांत वर्षानुवर्षं अभ्यास करायचा, आणि कुराण-हदीसमधून स्वतः निर्णय काढण्याची पात्रता, म्हणजे 'इज्तिहाद', कमवायची. असा माणूस मुज्तहिद. त्यांच्यातल्या ज्यांच्या मागे लोक जातात ते 'मरजा'. सामान्य शिया माणूस आपला मरजा निवडतो, आणि वर्षाचा खर्च वजा जाता उरलेल्या कमाईचा पाचवा हिस्सा, 'खुम्स', त्यांच्या व्यवस्थेकडे देतो. त्यातून विद्यार्थ्यांना वेतन मिळतं, गरिबांना मदत होते. म्हणजे विद्या, विश्वास आणि पैसा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाभोवती गोळा होतात.

मग आडनावाचं काम काय? आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच म्हणा. मोठ्या गवयाच्या मुलाला पहिली मैफल सहज मिळते, दुसरीला लोक गळा ऐकतात. सद्र घराण्याच्या इतिहासात हा गळ्याचा प्रश्न शेवटी फार वाईट पद्धतीने समोर आला. तिथवर जाऊच.

घराणं मूळचं दक्षिण लेबनॉनमधल्या जबल आमिलचं. हे सय्यद, सातवे इमाम मूसा काझिम यांचे वंशज, म्हणून डोक्याला काळा फेटा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ऑटोमन अंमलदाराने, जज्जार अहमद पाशाने, शियांचा छळ मांडला. 'जज्जार' म्हणजे खाटीक, यावरून काय ते समजा. तेव्हा सालेह नावाचे विद्वान इराकला निसटले. त्यांचे चिरंजीव सद्रुद्दीन. घराण्याला आडनाव मिळालं ते यांच्यावरून. त्यांचा मुलगा इस्माईल हाही मोठा मुज्तहिद झाला आणि १९२०च्या सुमारास बगदादजवळच्या काझिमियात वारला. सातव्या इमामांची कबर तिथेच आहे.

या इस्माईलना चार मुलगे. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा: मोहम्मद महदी, सद्रुद्दीन (आजोबांचंच नाव), हैदर. पुढची सगळी गोष्ट या तीन फांद्यांची आहे. महदी आणि हैदर इराकमध्ये राहिले, सद्रुद्दीन इराणला गेले आणि कोमच्या मोठ्या धर्मगुरूंपैकी एक झाले. सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवू नये, हे आम्हा इंजिनिअर लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. इथे कुणी ठरवून काही केलं नव्हतं, पण परिणाम तोच झाला.

कोमच्या फांदीवर १९२८ साली मूसा सद्र जन्मले. उंचपुरे, देखणे, तेहरान विद्यापीठात शिकलेले. १९५९ साली ते दक्षिण लेबनॉनमधल्या सूर शहरात आले, म्हणजे पूर्वजांच्या मुलखात दीडशेहून जास्त वर्षांनी परत. अरबी बोलताना फारसी हेल यायचा. तिथले शिया तेव्हा देशातले सर्वांत मागे पडलेले. तंबाखूची शेती आणि बैरूतच्या कडेच्या झोपड्या. मूसांनी शाळा काढल्या, धंदेशिक्षण सुरू केलं, १९७४ साली 'वंचितांची चळवळ' उभी केली. सूरमधली एक गोष्ट अजून सांगितली जाते. एका ख्रिस्ती आइस्क्रीमवाल्याकडे मुसलमान गिऱ्हाईक जाईना, कारण त्याच्या हातचं चालत नाही असं कुणीतरी पसरवलेलं. मूसा नमाजनंतर लोकांना घेऊन थेट त्याच्या दुकानात गेले आणि आइस्क्रीम खाल्लं. फतव्याचा कागद काढण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं.

ऑगस्ट १९७८मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह गद्दाफीच्या निमंत्रणावरून लिबियाला गेले. ३१ ऑगस्टनंतर तिघेही कुणाला दिसले नाहीत. लिबिया म्हणे, ते विमानाने रोमला गेले. रोमच्या हॉटेलात त्यांच्या बॅगा सापडल्या, माणसं नाहीत. २०१५ साली लेबनॉनने याच प्रकरणात गद्दाफीच्या एका मुलाला अटक केली. मूसा गायब झाले तेव्हा तो दोन-तीन वर्षांचा होता! म्हणजे आडनावाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही लागतो.

आता हैदर यांची फांदी. त्यांचा मुलगा मोहम्मद बाकिर, जन्म १९३५, काझिमिया. वडील लहानपणीच गेले. माझ्या मते या घराण्यातलं सर्वांत तल्लख डोकं हेच. पंचविशीच्या आत 'फलसफतुना' म्हणजे 'आपलं तत्त्वज्ञान', आणि पाठोपाठ 'इक्तिसादुना' म्हणजे 'आपलं अर्थशास्त्र'. इराकची तरुण पोरं तेव्हा कम्युनिस्ट पक्षाकडे ओढली जात होती. बाकिरनी त्यांना शिव्या न घालता मार्क्स समजून घेतला आणि मुद्द्याला मुद्दा दिला. व्याज न घेता बँक कशी चालेल यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. बहीण आमिना 'बिंत अल-हुदा' या नावाने मुलींसाठी कथा लिहायची. बाकिर यांचं लग्न झालं होतं मूसांच्या बहिणीशी, म्हणजे फांद्या पुन्हा एकमेकींत गुंतलेल्या.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि सद्दामला बाकिर हे इराकचे खोमेनी वाटू लागले. नजरकैद झाली, मग अटक. एप्रिल १९८०मध्ये भाऊ आणि बहीण दोघांनाही ठार मारलं. विचार करा, कथा लिहिणाऱ्या बाईला.

उरली महदी यांची फांदी. तिथले मोहम्मद सादिक सद्र हे बाकिरचे चुलतपुतणे आणि शिष्य. १९९०च्या दशकात सरकारला वाटलं की हा माणूस आपल्या आवाक्यात राहील. पण सादिक यांनी कूफाच्या मशिदीत शुक्रवारची नमाज सुरू केली, अंगावर पांढरं कफन घेऊन बोलू लागले, आणि बगदादच्या गरीब वस्त्यांतून माणसं लोटली. नजफचे इतर मोठे मरजा गप्प राहून विद्या जपत होते. हे रोजच्या बोलीत हाल-अपेष्टांवर बोलत. १९ फेब्रुवारी १९९९ला नजफमध्ये त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते आणि त्यांचे दोन मुलगे गेले.

मागे राहिलेला एक मुलगा म्हणजे मुक्तदा.

९ एप्रिल २००३ला बगदाद पडलं. गरिबांच्या ज्या अवाढव्य वस्तीला 'सद्दाम सिटी' म्हणत, तिचं नाव लोकांनीच 'सद्र सिटी' करून टाकलं. मुक्तदा तेव्हा तिशीचाही नव्हता आणि त्याचा अभ्यास अर्धवट होता. बायको मात्र बाकिर सद्र यांची मुलगी. पोस्टरवर बाकिर, सादिक आणि तो, तिघांचे चेहरे एका ओळीत. त्याने मिलिशिया उभी केली, अमेरिकनांशी लढला. त्या मिलिशियाने २००६-०७च्या दंगलींत सुन्नी लोकांवर जे केलं ते आडनावाआड झाकता येणार नाही. पुढे निवडणुका आल्या. २०१८ साली त्याने चक्क कम्युनिस्टांशी युती केली आणि ५४ जागा मिळवल्या. बाकिर यांनी ज्यांच्याविरुद्ध पुस्तकं लिहिली, त्याच कम्युनिस्टांशी! २०२१ साली ७३ जागा आल्या. सरकार जमेना, तेव्हा पुढच्या जूनमध्ये सगळ्या आमदारांना राजीनामे द्यायला लावले.

आता तो गळ्याचा प्रश्न. मुक्तदा मुज्तहिद नाही, तेव्हा धार्मिक बाबतीत त्याच्या लोकांनी कुणाकडे बघायचं? सादिक यांनी आधीच नाव सुचवलं होतं: बाकिरचे शिष्य आयतुल्ला काझिम हाइरी, मुक्काम कोम. ऑगस्ट २०२२मध्ये वय आणि आजारपण सांगून हाइरी मरजापदावरून बाजूला झाले. असं सहसा कुणी करत नाही. जाताना त्यांनी अनुयायांना खामेनींकडे वळायला सांगितलं. शिवाय मुक्तदाचं नाव न घेता असंही सुनावलं, की दोन सद्रांच्या नावावर पुढारीपण करणाऱ्याकडे इज्तिहाद नसेल, तर तो खरा सद्री नव्हेच, मग नातं काहीही असो.

दुसऱ्या दिवशी मुक्तदाने राजकारण सोडत असल्याचं जाहीर केलं. आठवडे बगदादच्या संसदेभोवती ठाण मांडून बसलेले त्याचे लोक पेटले. एका रात्रीत जवळपास तीस माणसं मेली. ३० ऑगस्टला दुपारी तो टीव्हीवर आला, इराकी जनतेची माफी मागितली, आणि आपल्याच माणसांना म्हणाला की साठ मिनिटांत घरी जा, नाहीतर माझा तुमच्याशी संबंध नाही.

तास व्हायच्या आत लोक तंबू गुंडाळून निघालेले कॅमेऱ्यात दिसत होते.