शेत, शेतकरी आणि त्यांमधील नातें

कन्नड तालुक्यांतील पिशोर येथील एखादें शेत डोळ्यांसमोर आणावें. त्याविषयीं दोन प्रश्न सहज संभवतात. हें शेत कोणाचें, हा पहिला. आणि ज्याचें हें शेत, त्याचीं गांवांत आणखी कोणतीं शेतें आहेत, हा दुसरा. पहिला प्रश्न शेतापासून माणसाकडे जातो, दुसरा माणसापासून शेताकडे. एका माणसाचीं शेतें अनेक असतात, तसेच एका शेताचे वाटेकरीही अनेक असतात. ही दुहेरी गुंतागुंत कागदावर कशी मांडावी, हा महसुली दप्तरापुढील जुनाच पेच होय.

या गुंत्याचा एक धागा १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत सुटला. तेथें गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जी पाहणी आरंभिली, तींत शेतांची मोजणी होऊन त्यांस क्रमांक मिळाले. मालक मरतो, शेत विकलें जातें. क्रमांक मात्र जमिनीशीं चिकटून राहतो. निजामाच्या राज्यांत पहिल्या सालारजंगांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी केली, आणि पुढें तेथील मोजणीही मुंबईच्याच धर्तीवर झाली.

परंतु क्रमांकानें शेत ओळखतां आलें, तरी त्यावर हक्क कोणाकोणाचा, हें कळेना. सारा कोणी भरावा, हीच सरकारची मुख्य चिंता होती. ही उणीव भरून काढण्यासाठीं मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं हक्कनोंदीचा कायदा झाला. हैदराबादेंत तसा कायदा १३५८ फसलींत, म्हणजे १९४८-४९ मध्यें आला. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत सामील झाला, आणि पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें राज्यभर एकच चौकट घातली.

या चौकटींतील तीन वह्या विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. गांव नमुना सात हा शेतवार. पिकांच्या बाराव्या नमुन्यासह तो ‘सातबारा’ या नांवानें घरोघर परिचित आहे. नमुना आठ-अ हा खातेवार. त्यांत एका खातेदाराच्या सर्व जमिनी दिसतात. तिसरी वही नमुना सहा, म्हणजे फेरफाराची. ती ना शेताची, ना माणसाची. ती दोहोंमधील संबंध कसा पालटला याची वही. खरेदी, वारसा वा वाटणी झाली कीं तेथें नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, हरकतींस अवकाश मिळतो, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. चार भावांपैकीं एकाचा चौथा हिस्सा हा शेताचा गुण नव्हे, कीं भावाचाही नव्हे. तो त्या दोहोंच्या संबंधाचा गुण होय.

संगणकांतील माहितीची रचना करणाऱ्यांपुढेंही हाच पेच उभा राहिला. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं माहिती साध्या तक्त्यांत ठेवून समान मूल्यांनीं ते तक्ते जोडण्याचा मार्ग दाखविला. १९७६ सालीं पीटर चेन यांनीं वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध वेगवेगळे रेखून दाखविले. जेथें दोन्हीकडे अनेक, तेथें संबंधासाठीं स्वतंत्र तक्ता हवा, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. एकच गोष्ट वीस ठिकाणीं लिहिली आणि एकोणीस ठिकाणींच दुरुस्त केली, तर दप्तर स्वतःशींच विसंगत बोलूं लागतें.

पिशोरसारख्या गांवीं या शास्त्रास पोटापाण्याचा अर्थ आहे. बाप वारला आणि वारसनोंदींत केवळ मुलगेच आले, तर मुलीचा व विधवेचा हक्क कायद्यांत राहतो, कागदावर राहत नाहीं. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें त्यांस वारसा दिला. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीस बसविलें. तथापि पीककर्ज आणि नुकसानभरपाई यांची वाट सातबाऱ्यावरील नांवावरूनच जाते. नोंदीनें मालकी निर्माण होत नाहीं, हें खरें. पण उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते. सारांश, संबंधाची एक ओळ गळाली कीं शेतही जागच्या जागीं असतें आणि माणूसही. तुटतो तो त्यांना जोडणारा आधार, आणि तो पुन्हा सिद्ध करण्याचा भार नेमका दुबळ्या वारसावर पडतो.