सूर धरणाऱ्याचा इतिहास

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घराणी मोजली, उस्ताद मोजले. वाजंत्र्यांच्या ताफ्यात मागे उभा राहून एकच सूर धरणारा माणूस मात्र कुणी मोजला नाही. गावोगावी वाजवण्याचे काम मांग, होलार आणि काही भागांत महार यांच्यावर लादले गेले. इंग्रजी अमदानीत जातींच्या नोंदी झाल्या, त्यात 'वाजवणे' हा धंदा म्हणून आला. तो शिकावा कसा लागतो, हे कुणी विचारले नाही. जातीचे काम जन्मानेच येते, हा समज त्यामागे होता. तो खोटा आहे.

सनईच्या साथीला 'सूर' असतो. दिसायला सनईसारखाच, पण त्यावर एकच स्वर अखंड चालू ठेवायचा. वरात गावभर फिरेपर्यंत तो तुटता कामा नये. मग वाजवणाऱ्याने श्वास घ्यायचा केव्हा? फुंकता फुंकता गाल वाऱ्याने भरून ठेवायचे. छातीतला वारा संपत आला की जिभेचे मूळ वर नेऊन घशाची वाट बंद करायची, गाल आवळून तोंडातला वारा पत्तीत सोडायचा आणि त्याच क्षणी नाकाने श्वास ओढायचा. पत्तीची फट बारीक असल्याने गालातला तेवढा वारा पुरतो.

मला हे माझ्या चुलत्यांनी शिकवले. पपईच्या देठाची पोकळ नळी आणि तांब्याभर पाणी. नळीतून फुंकत राहायचे, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. कित्येक दिवस नाकाने श्वास घेतला की बुडबुडे थांबत. गालफडे दुखत, डोळ्यांपुढे अंधारी येई. पाण्यात साधले की सूर हाती मिळे आणि पत्तीवरचा दाब सांभाळायला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागे. यात रक्तातून आलेले काय होते?

१९९७ साली न्यूयॉर्कमध्ये केनी जी या सॅक्सोफोनवादकाने याच रीतीने एक स्वर ४५ मिनिटांहून अधिक धरला आणि तो जागतिक विक्रम ठरला. आमच्या सूर धरणाऱ्याला त्याच दमाबद्दल बलुते आणि शिळे तुकडे मिळाले. ज्या देवळापुढे तो वाजवी, त्याची पायरी त्याला बंद होती.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांची आणि गावकीची लाचारी सोडण्याचे आवाहन केले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या लोकांनी वाजवणे बंद केले. ते योग्यच झाले. आता काही कार्यकर्ते विचारतात, ज्या वाद्याने आपल्याला गुलाम ठेवले त्याची आठवण कशाला? माझे म्हणणे असे, की गुलामी गावाची होती, विद्या आपली होती. गुलामी टाकताना विद्येची नोंदही टाकली, तर 'यांच्याकडे काहीच नव्हते' म्हणणाऱ्यांना आपणच पुरावा देऊ. शिवाय मांग-होलारांतील कितीतरी घरांची चूल अजून याच दमावर पेटते. त्यांना कलावंताचा मान आणि कामाचा रोख मोबदला मिळाला पाहिजे, ही मागणीही या नोंदीवाचून उभी राहणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावच्या म्हाताऱ्या वाजवणाऱ्यांकडे जावे. कुणाकडून शिकलात, किती दिवस लागले, पत्ती कशी बनवत होता, वाजवल्याचे काय मिळे, असे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.