पाथरीचं वतन

पाथरी म्हटलं की हल्ली साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. २०२० च्या जानेवारीत त्यावरून शिर्डी बंद होती. पण मूळ गाव कुणाचं, या प्रश्नावर पाथरीवर पाचशे वर्षांपूर्वी फौजा चालून आल्या होत्या.

हकिगत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, आणि तो स्वतः काही काळ अहमदनगरच्या दरबारात होता. बहमनी सुलतान अहमदशहाच्या फौजेने विजयनगरच्या मुलखातून एक ब्राह्मण मुलगा पकडून आणला. नाव तिमाप्पा, बाप भैरव. मुसलमान होऊन तो मलिक हसन झाला, शहाजाद्याबरोबर फारसी-अरबी शिकला आणि पुढे बहमनी राज्याचा मुख्य कारभारी बनला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. या घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी, पुढे विजयनगरला गेलेले. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर असताना विजयनगरकडचे ब्राह्मण नातेवाईक अहमदनगरला आले आणि आपलं पाथरी परत मिळावं असा आग्रह धरून बसले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने तिच्या बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहाने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी सुरू केली. १५१८ मध्ये बुऱ्हाणने गाव जिंकलं, १५२७ मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने परत घेतलं, बुऱ्हाणने पुन्हा वेढा घालून घेतलं, किल्ला पाडला आणि परगणा त्या नातेवाइकांना इनाम दिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे राहिला.

धर्म बदलला, भाषा बदलली, डोक्यावर छत्र आलं, तरी कुळकर्णाच्या गावावरचा हक्क सुटला नाही. ही एका घराण्याची हौस म्हणून सोडून देता येणार नाही. त्यामागे वतन नावाची व्यवस्था होती, आणि मराठी मुलखातली विषमता समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

वतनात तीन गोष्टी एकत्र वळलेल्या असत: काम, त्या कामापोटी जमीन किंवा धान्याचा वाटा, आणि मान. पाटलाने वसूल करायचा, कुळकर्ण्याने हिशेब लिहायचा. राज्यं येत-जात राहिली, पण कोणत्या शेताचा सारा किती हे ज्याच्या दप्तरात होतं, त्याच्याशिवाय कुठल्याच सुलतानाचं भागत नव्हतं. म्हणून नव्या राजाने पहिलं काम काय करायचं, तर जुनी वतनं कायम करायची. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटलं जाई, प्रसंगी विकलंही जाई. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीची पोळी पहिली कुणाची, यावरून भाऊबंदकीचे खटले पिढ्यान् पिढ्या चालत. त्या भांडणांना क्षुल्लक म्हणणं सोपं आहे, पण गावात आपण कोण हे माणसाला रोज याच गोष्टी सांगत असत.

वतनाच्या या दोरीचं दुसरं, तळाचं टोकही बिदरच्या त्याच बहमनी दरबारात सापडतं. परंपरा सांगते की अमृतनाक नावाच्या महाराने बादशहाच्या घरची हरवलेली स्त्री सुखरूप आणून दिली आणि स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी महारांनी ती शेकडो वर्षं जपली याला अर्थ आहे. आपलं काम ही वेठ नाही, तो हक्क आहे, असं ती बजावते. प्रत्यक्षात मात्र त्या वतनाने त्यांना हाडोळ्याचा, म्हणजे महार वतनाच्या जमिनीचा, तुकडा आणि भाकरीचे तुकडे दिले, आणि रात्रंदिवस राबण्याला बांधून घेतलं.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यानंतर, १९१९ मध्ये. सरकारी नोकरीत गावं पाहिलेल्या या माणसाने गाव कसं चालतं ते आतून मांडलं. गावाची कामं करून पिकातला वाटा घेणाऱ्या बलुतेदारांच्या, वाट्याप्रमाणे, तीन ओळी असत. गावागणिक फरक पडे, पण सुतार-लोहारांबरोबर महार-मांग बहुधा थोरल्या ओळीत आणि भट धाकट्या ओळीत. म्हणजे खळ्यावर ज्याचा वाटा जास्त, त्याचीच सावली नको! संपत्तीची उतरंड आणि प्रतिष्ठेची उतरंड वेगळ्या असू शकतात, हे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं म्हणणं समजायला मला या खळ्याइतकं दुसरं कुठलंच उदाहरण उपयोगी पडलेलं नाही. ‘गरिबी हटली की जात हटेल’ असं म्हणणाऱ्यांनी त्या तीन ओळी एकदा वाचाव्यात.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक ओळखलं होतं. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक आणलं. राबायचं सरकारसाठी आणि पोट मात्र गावकऱ्यांच्या मर्जीवर, ही गाठ त्यांना तोडायची होती. वतन हा मान नसून बेडी आहे, हे त्यांना आपल्याच लोकांना पटवावं लागलं. विधेयक संमत झालं नाही.

पाथरी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. ते राज्य १९४८ च्या सप्टेंबरमध्ये भारतात आल्यानंतर तिथे गोष्टी हलल्या: १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५४ मध्ये इनामं रद्द करणारा कायदा झाला. तिकडे मुंबई राज्यात कुलकर्णी वतन १९५० च्या आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने संपली. कायद्याने जमीन आणि काम सुटं केलं, पण माणसं मोकळी झाली ती सारख्या शिदोरीनिशी नव्हे. दप्तर सांभाळणाऱ्या घरात पिढ्यांची लिहिण्याची सवय होती. ती शाळेत, कचेरीत, कोर्टात लगेच कामी आली. हाडोळा मात्र आधीच असंख्य वारसांत विभागलेला, आणि गावकीची कामं करून अंगी आलेल्या कसबाला बाजारात भाव नव्हता. म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन सत्याग्रहाला उतरले. मराठवाड्यात त्यांची मागणी होती कसायला गायरान देण्याची. त्या गायरानांवर नांगर धरणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या नावे सातबारा आजही झालेला नाही.