लोहचुंबकाची झीज आणि कुलाब्याचे वेध

नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तिगावसारख्या लहान स्थानकांत एके काळी दांडा फिरवून घंटी वाजविण्याचे टेलिफोन असत. पांढुर्णे–सौंसर भागातील आमच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांना ती लाकडी पेटी आठवत असेल. अशा पेटीत नालेच्या आकाराचे पोलादी चुंबक एकाशेजारी एक घट्ट बसविलेले असत. एकच जाड चुंबक का नाही? पोलादाला पाणी देताना कडकपणा जाड कांबीच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, पातळ पट्टीत तो आरपार जातो. आणि चुंबकत्व टिकते ते कडक पोलादातच. म्हणून जुडीची युक्ती. अठराव्या शतकात लंडनच्या गोविन नाइटने शेकडो कांबींचे असे प्रचंड चुंबक रचले. मात्र जुडीतल्या पट्ट्या एकमेकींना क्षीण करतात व आतल्या पट्ट्या अधिक दुबळ्या होतात, हे फ्रान्सच्या कूलाँने दाखविले.

चुंबकाचा पहिला वैरी तो स्वतःच होय. त्याच्याच दोन ध्रुवांमुळे त्याच्या अंगात उलट दिशेचे बल निर्माण होते. चुंबक जितका आखूड व जाड, तितके ते बल अधिक. नालेचा आकार आणि तिच्या टोकांवर ठेवावयाचा मऊ लोखंडाचा तुकडा, हे त्यावरचेच उपाय. उष्णता व आघात हे आणखी दोन वैरी. या सर्वांना दाद न देण्याच्या गुणास 'निग्राहिता' म्हणतात. चुंबकाच्या पोटातील सूक्ष्म प्रदेशांच्या सीमा सरकू न देणे, हे तिचे मर्म. जपानच्या मिशिमा यांनी १९३१ साली निकेल व अ‍ॅल्युमिनियम मिसळलेले पोलाद काढले, पुढे फेराइट आले आणि १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक निघाले. तेही तापले की ढिले पडतात, म्हणून त्यांत डिस्प्रोशियम घालतात.

परंतु ज्या काळी पोलादावाचून गत्यंतर नव्हते, त्या काळी पृथ्वीचे चुंबकत्व मोजणाऱ्यांची मोठी पंचाईत होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ साली चुंबकीय वेध सुरू झाले. ऑर्लेबारसाहेबांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्या तरुणांत अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले केरूनाना, होते. टांगलेला चुंबक वर्षागणिक मंदावत गेला, तर पृथ्वीचे बल घटले म्हणावे की चुंबकच झिजला म्हणावे? महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांस येथे मोजणीच्या साखळीची आठवण होते. वापराने ती लांबते, आणि दोष मात्र शेताच्या माथी येतो.

यावरची तोड गाउसने १८३२ साली काढली होती. एकच चुंबक आधी झुलवावयाचा. झोक्याच्या काळावरून पृथ्वीचे बल व चुंबकाची शक्ती यांचा गुणाकार मिळतो. मग त्याच चुंबकाने दुसरी सुई किती वळते ते पाहावयाचे. त्यावरून दोहोंचा भागाकार मिळतो. दोन्ही जमेस धरले की पृथ्वीचे बल वेगळे आणि चुंबकाची शक्ती वेगळी. चुंबक झिजला तरी हिशेब बिघडत नाही; उलट झिजेचीच नोंद राहते. आम्हांस ही युक्ती कोणत्याही मिश्रधातूपेक्षा श्रेष्ठ वाटते.

पुढे संकट आले ते विजेच्या ट्रामचे. तिच्या प्रवाहाने वेध नासले असते. पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावण्यापूर्वीच अलिबागची जागा निवडली. लोह टाळून पोरबंदरच्या दगडाची इमारत उभी राहिली आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. अंतराने पडणारा फरक असा कळल्यामुळे केरूनानांच्या काळातील आकडे व अलिबागचे आकडे एकाच मालिकेत बसले. त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय वेध बंद झाले. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली.